खानदेशच्या वाटेवरील धोक्याचा माल



इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२६ सालच्या डिसेंबरच्या अखेरच्या दिवशी धुळ्यात देह ठेवला आणि लगेच दुसऱ्या वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्या गावात उभे राहिले. अशा प्रांतात इतिहासावर बोलावयास उभे राहणाऱ्याने दफ्तरे, सनदा आणि ताम्रपट ह्यांच्याविषयी बोलावे अशी अपेक्षा असते. आज आम्ही एका वेगळ्याच दफ्तराकडे आपले लक्ष वेधणार आहोत. ते दफ्तर म्हणजे ओझ्यावर डकवलेली चिठ्ठी. गाडीवर काय लादले आहे, ते कोणी बांधले, कोणी तपासले आणि ते जाळील की फुटेल हे कोणास ठाऊक होते, ह्या प्रश्नांचाही एक इतिहास आहे. तो खानदेशात जितका स्पष्ट वाचता येतो तितका फार थोड्या प्रांतांत वाचता येत असेल.

त्याचे कारण भूगोलात आहे. खानदेश हा वाटेवरचा प्रदेश. दक्षिणेकडून येणारी मुंबई-आग्रा वाट लळिंगच्या किल्ल्याखालून धुळ्यात उतरते आणि शिरपूर ओलांडून पळासनेरच्या पुढे सातपुड्याच्या घाटात शिरते. सुरतेची वाट कोंडाईबारीचा घाट ओलांडून धुळ्यास मिळते आणि पारोळे, एरंडोल, जळगाव, भुसावळ अशी वऱ्हाडाकडे जाते. पूर्वी ३ आणि ६ ह्या क्रमांकांनी ओळखले जाणारे हे दोन राष्ट्रीय महामार्ग धुळ्यापाशी एकमेकांस छेदतात. म्हणजे पश्चिम किनाऱ्यावर जे जे उतरते किंवा तयार होते आणि देशाच्या पोटात जावयाचे असते, त्यातील मोठा भाग आपल्या दारावरून जातो. दारावरून काय जाते हे घरधन्यास माहीत असावे, एवढाच आमच्या म्हणण्याचा आरंभ आहे.

प्रथम बैलगाडीचा काळ घेऊ. १८१८ साली खानदेश इंग्रजी अमलाखाली आला, तेव्हा येथील कापूस गाड्यांतून आणि बैलांच्या पाठीवरून किनाऱ्याकडे जात असे. कापूस हा काही निरुपद्रवी माल नव्हे. मोकळी रुई ठिणगी पकडते. आत धुमसत राहिली तर वरून कळतही नाही, आणि गाठ सोडली की वारा लागून भडकते. तेव्हा धोका होताच. परंतु गाडीवानास आपल्या गाडीत काय आहे हे पक्के माहीत होते. माल बहुधा त्याच्या किंवा शेजाऱ्याच्या शेतातला, तो भरताना त्याचा हात लागलेला, दोर त्यानेच आवळलेला. घाटाच्या तोंडाशी तो उतरे, आखाला वंगण आहे की नाही पाही, दोर सैल झाला असेल तर पुन्हा आवळी, उतारावर चाकाखाली दगड देई आणि चिलीम ओढावयाची तर गाडीपासून दूर जाऊन ओढी. ह्यासाठी त्यास कोणी नियमावली वाचून दाखविली नव्हती. माल बांधणारा, माल जाणणारा आणि माल वाहणारा हा एकच मनुष्य होता, आणि ह्या एकतेतच त्याची सुरक्षितता होती.

ही एकता मोडली ती व्यापाराच्या वाढीने. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडील कापूस विलायतेस मिळेनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. त्याच दशकात लोहमार्ग चाळीसगाव, पाचोरे, जळगाव असा भुसावळास पोहोचला. जळगावची कापसाची पेठ ह्या तेजीतच गाजू लागली आणि १८६५ साली युद्ध संपून भाव कोसळताच तिला जबर धक्का बसला. ह्या तेजीमंदीची कथा पुष्कळांनी सांगितली आहे. आम्हांस तीतील एक लहानशी गोष्ट हवी आहे. भाव वाढताच रुईत सरकी, माती आणि पाणी मिसळण्याचे प्रकार वाढले. वजन वाढविण्याचा तो सोपा मार्ग होता. तेव्हा १८६३ साली मुंबई सरकारने कापसातील लबाडी रोखण्यासाठी कायदा केला आणि तपासनीस नेमले. ओझे उघडून पाहण्याचा अधिकार असलेला सरकारी मनुष्य खानदेशच्या पेठांत आला तो असा. पुढे १९२५ साली जिन आणि प्रेस ह्यांच्यासंबंधी जो कायदा झाला, त्याने प्रत्येक दाबलेल्या गाठीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक घालणे सक्तीचे केले.

म्हणजे ओझ्यावर चिठ्ठी आली. पण ती कोणासाठी आली? घेणाऱ्यासाठी. गाठीत पाणी निघाले तर ती कोणत्या प्रेसमधून निघाली हे दूरच्या व्यापाऱ्यास कळावे म्हणून. तीच ओली गाठ डब्यात किंवा कोठारात आतल्या आत तापू शकते, ही गोष्ट कायद्याच्या दृष्टीपुढे नव्हती. आज संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीत ओल्या कापसास १३६५ हा स्वतंत्र क्रमांक आहे, आणि आपोआप तापून पेट घेणाऱ्या पदार्थांच्या वर्गात त्याची गणना होते. ज्या पाण्यास आमच्या पेठा लबाडी म्हणत होत्या, तेच पाणी हमालाच्या आणि गाडीवानाच्या दृष्टीने विस्तवाचे बी होते. तपासणी एकाच वस्तूची होती, पण ग्राहकाच्या पैशाची काळजी आधी आली आणि वाहणाऱ्याच्या जिवाची पुष्कळ उशिरा. हा क्रम ध्यानात ठेवावा. पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

वाहणाऱ्याच्या जिवाचा विचार कायद्यात आला तो दारू आणि तेल ह्यांच्या निमित्ताने. स्फोटक पदार्थांचा कायदा १८८४ सालचा. त्याच्या अंमलबजावणीसाठी १८९८ साली स्वतंत्र खाते निघाले; आज पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना ह्या नावाने चालणाऱ्या त्या खात्याचे मुख्यालय आपल्याच राज्यात, नागपुरास आहे. पेट्रोलियमचा आज चालू असलेला कायदा १९३४ सालचा. हे कायदे कागदावरच राहिले असे मात्र समजू नये. खानदेशची भूमी म्हणजे वर काळी माती आणि खाली काळा पाषाण. विहीर खणावयाची तर सुरुंग लावल्यावाचून गती नाही. त्यामुळे सुरुंगाची कांडी आणि तिची टोपी ह्या वस्तू आमच्या खेड्यांत अगदी ओळखीच्या झाल्या. कांडी एकटी असेल तर बरीच शांत असते. टोपी इवलीशी, पण धक्क्याने वा ठिणगीने फुटणारी. म्हणून दोन्ही एकत्र ठेवू नयेत, एका कप्प्यात नेऊ नयेत, हा त्या धंद्यातील पहिला धडा. धोक्याचा माल बांधण्याचे सारे शास्त्र ह्या एका धड्यात आहे. नुसती गाठ घट्ट असून भागत नाही. कोणाच्या शेजारी कोण बसले आहे हे पाहावे लागते.

हा धडा विसरल्याचे फळ मुंबईने भोगले. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज उभे होते. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके होती, आणि कराचीस त्यात कापसाच्या सुमारे ८,७०० गाठी भरण्यात आल्या होत्या. शिवाय वंगणाच्या तेलाची पिंपे, लाकूड आणि कितीतरी किरकोळ सामान. एकाच कोठारात खाली कापूस आणि वर स्फोटके अशी रचना झाली होती. धोक्याचा माल असलेल्या जहाजाने तांबडे निशाण लावावयाचे असते. युद्धकाळ असल्यामुळे ते लावलेले नव्हते. दुपारी कापसास आग लागली, चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासात दुसरा. शेकडो माणसे मेली. त्यांत अग्निशामक दलाचे ६६ जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ दरसाल १४ एप्रिलपासून देशभर अग्निशामक सप्ताह पाळतात.

ती आग बहुधा कोणाच्या विडी-सिगारेटने लागली असावी असे चौकशीत ठरले. परंतु इतिहासाच्या दृष्टीने विडी हे निमित्त होय. खरी कारणे दोन. एक, जे शेजारी बसावयाचे नव्हते ते शेजारी बसविले गेले. आणि दुसरे, निशाण नसल्यामुळे भोवतालच्या गोद्यांत काम करणाऱ्यांना आपण कशाच्या शेजारी उभे आहोत हे कळण्याची सोय नव्हती. खानदेशच्या गाडीवानाजवळ जे ज्ञान होते ते त्या गोदीतील हमालाजवळ नव्हते. माल मोठा झाला आणि माहिती लहान झाली.

स्वातंत्र्यानंतर हा माल रस्त्यावर आला. भुसावळला १९४९ साली आणि वरणगावला १९६४ साली सरकारी आयुध कारखाने निघाले. वरणगावात बंदुकीची काडतुसे होऊ लागली. रॉकेलचे चौकोनी डबे जाऊन टाकीच्या गाड्या आल्या. मनमाडजवळ पानेवाडीस तेल कंपन्यांची मोठी कोठारे झाली आणि तेथून उत्तर महाराष्ट्राच्या पंपांकडे टँकरांची रांग सुरू झाली. अंकलेश्वर आणि सुरत-हजिऱ्याच्या बाजूस रसायनांचे कारखाने वाढले तसा त्यांचा माल कोंडाईबारीच्या वाटेने पूर्वेकडे वाहू लागला. जगातही ह्याच सुमारास जाग आली होती. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी धोकादायक मालाच्या वाहतुकीसंबंधी आपल्या शिफारशी १९५६ साली प्रथम प्रसिद्ध केल्या, आणि दुसऱ्याच वर्षी युरोपातील राष्ट्रांनी जिनिव्हास रस्त्यावरील अशा वाहतुकीचा करार केला. आपल्याकडे मात्र भोपाळ घडावे लागले. १९८४ सालच्या डिसेंबरातील त्या रात्रीनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला, १९८८ चा नवा मोटार वाहन कायदा आला आणि १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत धोकादायक मालासाठी स्वतंत्र तरतुदी आल्या.

ह्या नियमांचा गाभा काय, हे आम्ही थोडक्यात सांगतो; कारण हे नियम आर.टी.ओ.च्या कचेरीतच राहतात, व्याख्यानमंडपात येत नाहीत. नियमांनी जबाबदारी तिघांवर वाटून दिली. माल पाठविणाऱ्याने गाडीमालकास मालाची पूर्ण आणि खरी माहिती द्यावी. गाडीमालकाने गाडी त्या मालास योग्य आहे हे पाहावे आणि चालकास त्या मालाचे धोके समजले आहेत ह्याची खात्री करून घ्यावी. चालकाने ती लेखी माहिती आपल्या केबिनमध्ये ठेवावी, गाडी सुरक्षित जागी उभी करावी किंवा तिच्यावर जाणत्या माणसाचे लक्ष ठेवावे आणि अपघात झाल्यास जवळच्या पोलीस ठाण्यास कळवावे. गाडीवर मालाचे खरे नाव, संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक, धोक्याच्या वर्गाचे चित्र आणि संकटकाळी बोलवावयाचा दूरध्वनी लिहिलेली पाटी असावी. चालकाने तीन दिवसांचे शिक्षण घेतलेले असावे, आणि त्यास एक भारतीय भाषा व इंग्रजी वाचता लिहिता यावी. २०१९ च्या दुरुस्तीने अशा परवान्याची मुदत एका वर्षावरून तीन वर्षे झाली.

नीट पाहिले तर ह्या सगळ्या नियमांचा हेतू एकच आहे. बैलगाडीवाल्यापाशी जे ज्ञान आपोआप होते, ते ट्रकवाल्यास कागदाने आणि शिक्षणाने परत मिळवून देणे. भरणारा एक, बांधणारा दुसरा, बिल्टी लिहिणारा तिसरा आणि चालविणारा चौथा झाल्यावर चौघांना जोडणारा धागा म्हणजे ती पाटी आणि तो कागद. पाटी खोटी असेल, पुसलेली असेल किंवा कालच्या मालाची आजही तशीच राहिली असेल, तर तो धागा तुटला असे समजावे.

बांधणीचेही शास्त्र असेच साधे पण निष्ठुर आहे. ट्रकने एकाएकी ब्रेक दाबला की ट्रक थांबतो, माल थांबत नाही. जाणकारांचा हिशेब असा की मालास पुढे सरकण्यापासून रोखण्यासाठी त्याच्या वजनाच्या दशांश आठ भागाइतका जोर पेलणारी बांधणी हवी, आणि बाजूस व मागे निदान निम्म्या वजनाइतका. दहा टनांची पिंपे असतील तर पुढच्या बाजूस आठ टनांचा जोर अडविला पाहिजे. वरून ताडपत्री ओढून चार फेऱ्या दोर मारल्याने हे काम होत नाही. दोर पावसापासूनचे पांघरूण धरतो, पिंप धरीत नाही. पिंपांमध्ये पोकळी राहू न देणे, त्यांस लाकडी अडसर देणे, पट्टे आवळणे, आणि काही मैल गेल्यावर थांबून पुन्हा आवळणे, कारण हादऱ्यांनी माल बसतो आणि पट्टा सैल होतो. घाटाच्या तोंडाशी उतरून दोर पाहणारा आमचा जुना गाडीवान हेच करीत होता.

टाकीतील द्रवाची गोष्ट आणखी निराळी. अर्धी भरलेली टाकी वळणावर सर्वांत वाईट, कारण आतील द्रव एका बाजूस झेप घेतो आणि गाडीस आपल्याबरोबर ओढतो. म्हणून टाकीत आडव्या भिंती घालतात. उलट टाकी काठोकाठ भरणेही चालत नाही. पेट्रोलच्या टाकीत शेकडा तीन भाग जागा मोकळी ठेवावी लागते. ह्याचे कारण जळगाव-भुसावळकरांना सांगावयास नको. वैशाखात पारा ४५ अंशांच्या वर जातो. वीस अंश तापले की पेट्रोल शेकडा सुमारे दोन भागांनी फुगते. पहाटेच्या गारव्यात भरलेली टाकी दुपारी तळवेलीच्या किंवा पारोळ्याच्या उन्हात उभी राहिली, तर ती मोकळी जागाच तिला वाचविते.

मग आमच्या केळीच्या मुलखातील एक उदाहरण. रावेर-यावलची केळी उत्तरेकडे जातात. फळे झटपट पिकविण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरण्याची खोड अनेक ठिकाणी लागली. कायद्याने त्यास बंदी आहे आणि ती खाणाऱ्याच्या प्रकृतीसाठी आहे. पण वाहतुकीच्या दृष्टीनेही ही पूड साधी नव्हे. तीस पाणी लागले की ॲसिटिलीन वायू निघतो, ज्याने वेल्डिंगची ज्योत पेटते. पावसाळ्यात गळक्या ताडपत्रीखाली फळांच्या मालात अशी पूड लपवून नेली, तर चालक ज्यास केळीची गाडी समजतो ती वास्तविक वायूची भट्टी असते. येथे पुन्हा तोच प्रश्न: चालकास कोणी सांगितले होते काय?

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधणे किती महागात पडू शकते, हे २५ जानेवारी २०११ रोजी दिसले. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे हे मनमाडजवळ पानेवाडीच्या परिसरातून जात असता रस्त्याकडेच्या ढाब्यापाशी टँकरमधील इंधनात भेसळीचा प्रकार त्यांच्या दृष्टीस पडला. ते थांबले आणि चौकशी करू लागले. तेथील टोळीने त्यांच्यावर हल्ला करून त्यांना जिवंत जाळले. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. त्यानंतर राज्यातील सरकारी कर्मचाऱ्यांनी निषेधार्थ काम बंद ठेवले. तपासणी हा शब्द आपण किती सहज उच्चारतो! १८६३ च्या तपासनिसाला कापसाच्या गाठीत पाणी सापडत असे. दीडशे वर्षांनी टाकीत काय आहे हे पाहणाऱ्या अधिकाऱ्यास प्राण द्यावा लागला. टाकीत दुसरे काही मिसळले की वरची पाटी खोटी होते, आणि पुढे अपघात झाला तर विझविणारा मनुष्य खोट्या पाटीवर विश्वास ठेवून आगीपाशी जातो. सोनवण्यांनी जे पाहावयाचा प्रयत्न केला, ते ग्राहकाच्या पैशापुरते नव्हते. रस्त्यावरील प्रत्येकाच्या जिवाशी त्याचा संबंध होता.

पुढील दोन घटना आपल्या अगदी घरातल्या. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी शिरपूर तालुक्यात वाघाडी येथे रसायनाच्या कारखान्यात स्फोट होऊन डझनभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि आसपासची खेडी हादरली. ४ जुलै २०२३ रोजी त्याच तालुक्यात पळासनेरजवळ घाट उतरून आलेला एक अवजड ट्रक ताबा सुटून वाहनांवर आणि रस्त्याकडेच्या हॉटेलावर आदळला, आणि किमान दहा जण गेले. पहिल्या ठिकाणी रसायन होते पण ट्रक नव्हता. दुसऱ्या ठिकाणी ट्रक होता पण रसायनाचा टँकर नव्हता. दोन्ही गावे एकाच तालुक्यात आहेत. कारखान्यात जे साठते ते रस्त्यानेच येते आणि रस्त्यानेच जाते. ही दोन संकटे एका दिवशी एका ठिकाणी आली नाहीत, ह्याचे श्रेय आमच्या व्यवस्थेस द्यावे की दैवास द्यावे, ह्याचा विचार आपणच करावा.

आता मघाचा क्रम पुन्हा पाहू. २०१८ सालापासून मालाच्या गाडीबरोबर ई-वे बिल चालते. त्यात मालाचे नाव असते, किंमत असते, संकेतांक असतो आणि तो क्षणार्धात तपासता येतो. हे करासाठी आहे आणि त्यात काही गैर नाही. परंतु १८६३ साली घेणाऱ्याचा पैसा आधी आला, १९२५ साली गाठीवरची खूण व्यापाऱ्यासाठी आली आणि आजही तिजोरीची चिठ्ठी गाडीवर हटकून असते, तेव्हा चालकाच्या जिवाची चिठ्ठी तितक्याच कसोशीने का पाहिली जाऊ नये, एवढेच आमचे विचारणे आहे. ज्या नाक्यावर कराचा कागद पाहतात, त्याच नाक्यावर धोक्याची पाटी, पट्ट्यांची ओढ, टाकीची झडप आणि चालकाचा परवाना पाहावयास वेगळा रस्ता बांधावा लागत नाही.

आणि ती चिठ्ठी चालकास वाचता आली पाहिजे. आमच्या रस्त्यांवरचे चालक कोठून कोठून येतात! कोणी पंजाबचा, कोणी राजस्थानचा, कोणी बिहारचा, कोणी आपल्याच साक्री-चोपड्याचा. इंग्रजी अक्षरे जुळवता येणे निराळे आणि रात्री दोन वाजता झडपेतून वाफ येत असता काय करावयाचे हे इंग्रजीत वाचून उमगणे निराळे. संकटकाळची सूचना त्याच्या बोलीत, चार ओळींत आणि मोठ्या अक्षरांत असावी. हमालीच्या अड्ड्यावरही ती वाचून दाखवावी, कारण पिंप प्रथम हमालाच्या खांद्यावर येते. रस्त्याकाठच्या गावांनाही काही जाणून घेता येईल. टँकर उलटला की डबे-घागरी घेऊन धावणारी माणसे आपण पाहिली आहेत. त्यांना लोभी म्हणणे सोपे आहे. पण त्या पाटीवरील ज्वालेच्या चित्राचा अर्थ त्यांना शाळेत कोणी कधी सांगितला होता काय? नऊ वर्गांची ती चित्रे बाराखडीएवढीही अवघड नाहीत.

गाडीवानाचा काळ परत आणावयाचा नाही आणि तो येणारही नाही. तो मनुष्य आपला माल स्वतः बांधी, स्वतः जाणी आणि घाटाच्या तोंडाशी स्वतः तपाशी. आज ही तीन कामे तीन माणसांत वाटली गेली आहेत. तर मालाबरोबर त्याची खरी ओळखही एका हातातून दुसऱ्या हातात गेली पाहिजे, एवढाच ह्या दीडशे वर्षांच्या इतिहासाचा निष्कर्ष आम्हांस दिसतो. लळिंगच्या पायथ्याशी आणि पळासनेरच्या उतारावर आजही रात्रंदिवस गाड्या जात आहेत. त्यांतील प्रत्येक चालकास आपल्या पाठीमागे काय आहे हे माहीत असावे, आणि त्याच्या वाटेवर राहणाऱ्या आपणांसही माहीत असावे, अशी व्यवस्था मागण्याचा आपणांस अधिकार आहे. तो अधिकार आपण बजावावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.